घराची परवानगी

मन्नाएखेळ्ळीच्या चौकात उभे राहिले की चार दिशांचा व्यवहार एकाच दृष्टिक्षेपात दिसतो. पूर्वेकडून हैदराबादचा आणि पश्चिमेकडून सोलापूर-पुण्याचा महामार्ग येथे येतो. उत्तरेची वाट बिदरला जाते आणि दक्षिणेची चिंचोळीवरून कलबुर्गी जिल्ह्यात उतरते. कानडी, मराठी, उर्दू आणि थोडीशी तेलुगू अशा चार भाषा या चौकात सुखाने नांदतात. बाजारात भाषेची अडचण कोणालाच जाणवत नाही. ती जाणवते कचेरीच्या पायरीवर. मात्र तेथेही एक शब्द असा आहे की, त्याला दुभाषा लागत नाही. तो शब्द म्हणजे ‘परवानगी’. फारसीतून तो दख्खनच्या साऱ्या भाषांत शिरला आणि सर्वत्र आपल्याच घरचा होऊन राहिला. कन्नडमध्ये घर बांधण्याच्या संमतीस ‘कट्टड परवानगी’ असेच म्हणतात. शब्द ओळखीचा असला तरी ती वस्तू मिळविणे किती सोपे वा अवघड आहे, हे मात्र नवे घर बांधू पाहणाऱ्या गृहस्थालाच ठाऊक.

पूर्वी घर बांधावयास परवानगी लागत नसे, असे पुष्कळ वृद्ध माणसे सांगतात. ते अर्धेच खरे आहे. परवानगी लागे, पण ती तोंडी असे. गावठाणातील कोणती जागा कोणाची, हे पाटील-कुलकर्ण्यांस ठाऊक असावयाचे. शेजारच्या घरातील कर्ते पुरुष ओट्यावर बसून भिंतीची रेघ ठरवीत. पाणी कोणाच्या अंगणातून वाहावयाचे याचाही निवाडा तेथेच होई. या व्यवहारात जिव्हाळा होता, तसा अन्यायही होता. कोणी कोणत्या आळीत घर घालावे आणि कोणी गावकुसाबाहेर राहावे, हे त्या ओट्यावरच ठरत असे आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची जागा नव्हती. तेव्हा हा अधिकार गावकीकडून लेखी कायद्याकडे गेला, यात हळहळण्यासारखे काही नाही.

आज ग्रामपंचायतीच्या हद्दीत हा अधिकार कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज अधिनियमाने ठरतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या नावात ‘ग्रामस्वराज’ हा शब्दही आला. त्याचे ६४ वे कलम थोडक्यात असे सांगते: ग्रामपंचायतीच्या लेखी संमतीवाचून कोणी इमारत बांधू नये, असलेली वाढवू नये, पाडून पुन्हा उभारू नये. याच कलमात अर्जदाराच्या बाजूचीही एक तरतूद आहे. अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत पंचायतीने होय किंवा नाही असा निर्णय कळविला नाही, तर संमती मिळाली असे समजून अर्जदारास काम सुरू करता येते. मात्र नियमांचा भंग त्याने करता कामा नये. संमतीविना किंवा नियम मोडून बांधलेले काम थांबविण्याचा, बदलावयास लावण्याचा, प्रसंगी पाडावयास सांगण्याचाही अधिकार पंचायतीला आहे.

कायद्याने ६० दिवस दिले असता लोकांना वर्ष-वर्ष का थांबावे लागते, असा प्रश्न साहजिकच कोणीही विचारील. त्याचे उत्तर एखाद्या कारकुनाच्या आळसात शोधण्याची सवय आपल्याकडे फार आहे. आळस कोठेच नसतो असे नाही. परंतु बहुतेक वेळा अर्ज अडतो तो पंचायतीच्या टेबलावर पोहोचण्यापूर्वीच. घराचा नकाशा, खोल्यांची संख्या, भिंतींची उंची यांविषयीचे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न असतो, ही जागा कोणाची? आणि त्या प्रश्नापाशी निम्म्याहून अधिक कुटुंबांची जीभ अडखळते.

या भागातील जमिनीच्या कागदाने जितके प्रवास केले आहेत, तितके महाराष्ट्राच्या किंवा जुन्या म्हैसूरच्या पोटातील गावांच्या कागदाने केलेले नाहीत. बिदर जिल्हा निजामाच्या राज्यात होता. वरची दप्तरे प्रथम फारसीत आणि पुढे उर्दूत चालत, तर गावपातळीवर मोडीतील मराठीही चाले. जागिरींचा मुलूख निराळा, सरकारी खालशाचा निराळा. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जागिरी गेल्या, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्ह्याचेच तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबादचा भाग आंध्रात गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद म्हैसूर राज्यात आले. दप्तराची भाषा कन्नड झाली. अलीकडे, २०१८ च्या सुमारास हुमनाबाद तालुक्यातून चिटगुप्पा हा नवा तालुका निघाला आणि मन्नाएखेळ्ळीचे लोक हुमनाबादऐवजी चिटगुप्प्याच्या तहसिलीत जाऊ लागले. एकाच शेताचा कागद आजोबांच्या पेटीत उर्दूत, वडिलांच्या पिशवीत हाताने लिहिलेल्या कन्नडमध्ये आणि नातवाच्या हातात संगणकाने छापलेला, अशी स्थिती येथे सहज आढळते.

जुन्या कागदावरील साल वाचण्यातही फसगत होते. त्यावर १३४५ असा आकडा दिसला की नव्या पिढीला तो शिवकालाच्या आधीचा वाटावा! वस्तुतः ते फसली साल असते. त्यात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन १९३५ च्या सुमाराचा काळ निघतो. आजोबांचे नाव एका दप्तरात वडिलांच्या नावासह, दुसऱ्यात आडनावासह, तर तिसऱ्यात नुसतेच ‘आप्पा’ असे लिहिलेले असते. माणूस एक आणि कागदावर तीन! हे तिघे एकच होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग नातवावर पडते.

या पुढचा गुंता घरातलाच असतो. तीन भावांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी शेत वाटून घेतलेले असते. थोरला म्हणालेला असतो, “लिंबाच्या अलीकडलं तुझं, पलीकडलं माझं, भावाभावांत सही कशाला?” शब्द पाळलाही जातो. दोन पिढ्या त्या लिंबाच्या आधाराने पेरण्या करतात. पण पहाणीपत्रकात तिघांचे नाव एकत्रच राहते, किंवा तिघांच्या मृत वडिलांचेच राहते. धाकट्या भावाचा मुलगा घर बांधावयास निघाला म्हणजे त्याला प्रथमच कळते की, कागदात लिंबाचे झाड नाही. मग मोजणीचा अर्ज, वाटणीपत्र, फेरफार अशी वाट त्याला चालावी लागते. आणि या वाटेवर चुलत्यांच्या, चुलतभावांच्या सह्या लागतात. एवढी वर्षे गोडीगुलाबीने चाललेल्या कुटुंबात पहिला शब्द वर चढतो तो येथे.

बहिणींचा प्रश्न याहून नाजूक आहे. कर्नाटकाने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने तो साऱ्या देशात दिला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. सीमाभागातील बहिणी बहुधा सीमेपलीकडे दिलेल्या असतात. कोणी उदगीरला, कोणी उमरग्याला, कोणी जहिराबादेस. पंचमीला किंवा दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद ठेवावयाचा आणि तिने न वाचता सही करावयाची, ही रीत अनेक घरांत अजून गृहीत धरली जाते. कागद कन्नडमध्ये असतो आणि बहिणीला वाचता येते ते मराठी. तिने ‘हा कागद कशाचा?’ एवढे विचारले तरी भावाला राग येतो. वास्तविक रागावण्याचे कारण असलेच तर ते तिला आहे. ज्या घराच्या ओट्यावर तिला उद्या पाहुणी म्हणून बसावयाचे, त्या घराच्या जागेत तिचा वाटा आहे. तो ती सोडील, विकत देईल किंवा स्वतःकडे ठेवील. परंतु तिला नीट सांगून विचारणे पाया खणण्यापूर्वी व्हावे. लिंटलपर्यंत काम आल्यावर दाव्याची नोटीस आली, तर भिंत आणि नाते दोन्ही तेथेच थांबतात.

जागेचा धनी ठरला, तरी जागा घराची आहे काय, हा प्रश्न उरतोच. गावठाणातील जागा असेल तर वाट त्या मानाने सुकर. पंचायतीच्या मिळकतींची नोंद कर्नाटकात २०१३ पासून ‘ई-स्वत्तु’ या संगणकीय व्यवस्थेत होते. ‘स्वत्तु’ म्हणजे मालमत्ता; आपल्या ‘स्वत्व’ शब्दाचेच हे कानडी भावंड. या व्यवस्थेतून मिळणारा नमुना ९ आणि त्यासोबतचा नमुना ११ हे दोन कागद हातात असले म्हणजे अर्जदाराचे अर्धे काम झाले. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने सुरू केलेल्या ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणांची मोजणी आकाशातून, ड्रोनच्या साहाय्याने होऊ लागली, आणि प्रारंभी निवडलेल्या राज्यांत कर्नाटक व महाराष्ट्र हे दोन्ही होते. ज्या गावठाणाचा आजवर नकाशाच नव्हता, तेथे घराघराची हद्द कागदावर येणे ही लहान गोष्ट नव्हे.

शेतात घर बांधावयाचे असेल तर वाट लांबते. शेतजमीन घराकडे वळवावयाची म्हणजे १९६४ च्या भूमहसूल अधिनियमाच्या ९५ व्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांची संमती हवी. लोक याला ‘एन. ए. करणे’ म्हणतात. त्यानंतर नगररचना खात्याची आखणीस मान्यता, आणि मग पंचायतीचा नमुना ९. हे टाळण्याचा एक सोपा मार्ग हमरस्त्यालगतच्या साऱ्याच गावांत विकावयास मांडलेला असतो. कोणीतरी शेताचे तुकडे पाडतो, चुन्याच्या रेघा ओढतो, तीस-चाळीसचे प्लॉट म्हणून विकतो. मुद्रांकावर करारपत्र होते, पैसे जातात, घेणारा समाधानाने परततो. अशा जागेला नमुना ११-ब मिळाला तरी तो कराच्या नोंदीपुरता. त्यावर घराची परवानगी मागावयास गेले म्हणजे दार बंद आढळते, आणि परवानगी नाही म्हणून बँकेचे कर्जही नाही. आयुष्याची पुंजी अशा रेघांत अडकलेली कुटुंबे या रस्त्यावर थोडी नाहीत. प्लॉट घेण्यापूर्वी नमुना ९ पाहावयास मागणे, एवढाच यावरील उपाय. तो फुकटचा आहे, आणि म्हणूनच बहुधा कोणी करीत नाही.

महामार्गालगतच्या जागेस आणखी एक बंधन आहे. केंद्रीय रस्तेखात्याच्या मानकाप्रमाणे महामार्गाच्या मध्यरेषेपासून ४० मीटरपर्यंत इमारत नको, आणि ७५ मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर नियंत्रण असावे. हैदराबाद-सोलापूर रस्ता गेल्या दशकात चौपदरी झाला, तेव्हा मध्यरेषा म्हणजे काय, हे रस्त्याकडेच्या लोकांना नव्याने शिकावे लागले. दुकानाची ओढ माणसाला रस्त्याच्या कडेस नेते. घर मात्र त्या कडेपासून दूर असलेलेच बरे.

ज्यांच्या घराखालची जागाच कागदावर नव्हती, अशांचीही येथे मोठी वस्ती आहे. चिंचोळी आणि चिटगुप्प्याच्या माळरानांवरील लंबाणी तांडे पिढ्यान् पिढ्या वसलेले. पण महसुली दप्तरात ते गाव नव्हतेच. त्यांना परवानगीचा प्रश्न पडत नसे, कारण प्रश्न पडण्याइतकीही जागा कायद्याने त्यांना दिलेली नव्हती. १९ जानेवारी २०२३ रोजी कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड येथे, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, बिदर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतील नव्याने महसुली गावे ठरलेल्या वस्त्यांतल्या पन्नास हजारांवर कुटुंबांना पंतप्रधानांच्या हस्ते हक्कपत्रे देण्यात आली. कानडीत त्याला ‘हक्कुपत्र’ म्हणतात. तांड्यातील एखाद्या घराची परवानगी मागणारा अर्ज आता निदान लिहिता तरी येतो.

हाच महामार्ग पश्चिमेस उमरग्याजवळ महाराष्ट्रात शिरला म्हणजे नियम बदलतो. महाराष्ट्राने डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील बहुतेक भागासाठी बांधकामाची एकत्रित नियमावली केली. तीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील साध्या घरासाठी मालकाने परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा सादर करून शुल्क भरले, तर पावतीच परवानगी मानली जाते. ही सवलत ऐकून मन्नाएखेळ्ळीचा गृहस्थ उमरग्यातील मेहुण्याचा हेवा करील. पण मेहुण्यालाही जागेचा निर्वेध कागद दाखवावाच लागतो. दोन राज्यांनी परवानगीची मुदत कितीही कमी केली, तरी लिंबाच्या झाडाचा वाद कोणत्याही नियमावलीने मिटलेला नाही.

येथवर सारा विचार जमिनीचा झाला. भिंतीचा एकदाही झाला नाही. कचेरीतही बहुधा असेच होते, आणि या साऱ्या व्यवहारातील खरी उणीव ती हीच. जागा कोणाची, हे विचारताना चार कागद तपासले जातात; भिंत कशी उभी राहणार, हे विचारताना नकाशावरची एक सही पाहिली जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीस भूकंप झाला. मन्नाएखेळ्ळीपासून हे गाव सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच. गणेशविसर्जनाची रात्र होती. माणसे थकून झोपली होती. धक्का ६.२ तीव्रतेचा, याहून मोठे भूकंप पृथ्वीवर दरवर्षी होतात आणि त्यांतील बहुतेकांत एवढी माणसे दगावत नाहीत. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील मृतांची संख्या मात्र आठ-दहा हजारांच्या घरात गेली. त्यांना भूकंपाने मारले असे म्हणण्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या घरांनी मारले, असे म्हणणे अधिक खरे होईल. दीड-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती. आतले तोंड वेगळे, बाहेरचे वेगळे, मध्ये गोटे आणि चिखल. दोन्ही तोंडांना एकत्र बांधणारा लांब दगड नाही. वर माळवद, पावसाळ्यापूर्वी दरसाल त्यावर पांढरीचा नवा थर पडावयाचा, आणि असे थर साठून छताचे ओझे फूट-दीड फुटाचे व्हावयाचे. उन्हाळ्यात ही घरे गार, हिवाळ्यात उबदार. रुंद भिंत हे संपन्नतेचे लक्षण. ती धक्क्याने मधून फुटली, बाहेरचे तोंड बाहेर पडले, आतले आत पडले, आणि वरची माती झोपलेल्यांच्या अंगावर आली.

तशीच घरे बिदर, भालकी, हुमनाबाद, चिंचोळीकडे होती, आणि पुष्कळ अजूनही आहेत. त्या वेळच्या नकाशावर किल्लारीचा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक पट्ट्यात दाखविलेला होता, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे ‘आमच्याकडे भूकंप होत नाही’ या वाक्याची किंमत कळते. भूकंपानंतर महाराष्ट्रात बावन्न गावे नव्या जागी वसली; जी घरे उभी राहिली होती त्यांच्या दुरुस्तीसाठी कनिष्ठ अभियंते गावोगाव हिंडले. दगडाच्या भिंतीत एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोहोचणारे दगड किती अंतरावर बसवावे, दारे-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा घराभोवती कसा फिरवावा, कोपऱ्यात सळई कशी द्यावी, हे गवंड्यांना त्यांनी जागेवर दाखविले. याच विषयावर भारतीय मानक संस्थेने १९९३ मध्येच मार्गदर्शिका काढली. यातील कोणतीच गोष्ट फार खर्चाची नाही. पट्ट्याला लागणारे सिमेंट-लोखंड एका दर्शनी कमानीच्या नक्षीतून वाचते.

आज सिमेंटच्या घरांची धाटणी आल्यामुळे हा धोका गेला, असा समज पसरला आहे. धोका बदलला, एवढेच. पठारावरचा जांभा आणि खालची काळी माती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. पाया तिच्यातच थांबवला तर तिसऱ्या वर्षी भिंतीला तिरकी चीर पडते. पाया मुरमापर्यंत न्यावा, हे जुन्या गवंड्याला सांगावे लागत नसे. नव्या कंत्राटदाराला सांगावे लागते. खांब चार उभे केले, पण जमिनीच्या पातळीला त्यांना जोडणारी तुळई गाळली, अशी घरे खुशाल उठत आहेत. परवानगीच्या नकाशात ती तुळई असते. नकाशा मात्र फायलीत राहतो आणि घर गवंड्याच्या डोक्यातून उभे राहते. पाया भरताना, आणि पुढे लिंटलचा पट्टा पडताना, अशा दोन वेळा पंचायतीच्या वतीने कोणी जाणता माणूस येऊन पाहून गेला, तर त्या सहीला अर्थ येईल. घरकुल योजनांचे हप्ते कामाच्या टप्प्यांवर, पाहणी करूनच दिले जातात. स्वतःच्या पैशाने बांधणाऱ्याच्या वाट्याला तेवढीही पाहणी येत नाही, हा विचित्र न्याय आहे.

अर्ज करण्याची रीत स्वतः सोपी आहे. नमुना ९ आणि ११, कर भरल्याची पावती, तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा आणि पंचायतीने आपल्या उपविधीत ठरविलेले शुल्क. कन्नड वाचता येत नसेल, तर शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा घरातला सर्वांत उपयोगी कारभारी ठरतो. सीमाभागातील कितीतरी घरांत वडिलांचे सरकारी कागद आठवीतली मुलगी वाचून दाखविते. अर्ज पंचायत विकास अधिकाऱ्याच्या नावे, बापूजी सेवा केंद्राच्या खिडकीवर द्यावा आणि तारखेची पोच हातात घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ६० दिवस मोजावयाचे ते त्या तारखेपासून. “दोन दिवसांनी या” असे सांगून पोच न देता ठेवून घेतलेल्या अर्जाला कायद्याच्या दृष्टीने जन्मच मिळालेला नसतो. अर्जात त्रुटी असेल तर ती लेखी मागावी. तोंडी सांगितलेली त्रुटी दर खेपेस बदलते.

परवानगी आली म्हणजे तिची एक प्रत घरी पेटीत आणि एक कामाच्या जागी ठेवावी. घर पूर्ण झाल्यावर पंचायतीच्या करआकारणीत त्याची नोंद करून घ्यावी. विजेच्या जोडणीस तीच नोंद उपयोगी पडते, आणि पुढे कधी मुलांनी वर मजला चढवावयाचे मनात आणले तर पाया कोणत्या मजल्याच्या हिशोबाने भरला होता, हे त्यांना त्याच नकाशात सापडते.